विहीणबाईंशी थेट

ता. ४ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,

आशीर्वाद. नेहमीइतके नाहीत, कारण मी रागात आहे.

वि. वि. पत्र लिहिते आहे कारण फोनवर तू नंतर बोलू म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्र असं बंद करता येत नाही. बाजूला टाकलंस तरी ते टेबलावरून बघत बसतं.

परवा ठकी फोनवर तिच्या भाषेत माझ्याशी बोलली. चांगली हातवारे करून, डोळे मोठे करून, मध्येच उठून काहीतरी आणून दाखवून बोलली. मी तुला विचारलं, पोरगी काय म्हणते. तू म्हणालास, ती बरी आहे म्हणते. कापड धुतल्यावर आटतं हे मला माहीत आहे, जन्मभर शिवणकाम केलंय. पण इतकं आटत नाही.

सहा वर्षांची नात आहे माझी आणि मला तिच्या वासाचाही पत्ता नाही. दर वर्षी मी म्हणते, सुट्टीत तिला माझ्याकडे पाठवा. दर वर्षी तू म्हणतोस, सूनबाई आणि विहीणबाई नको म्हणतात. का नको म्हणतात ते सांगत नाहीस. तेव्हा आता मीच विचारणार आहे. मी रशियन शिकायला बसले आहे.

हसून झालं असेल तर पुढे वाच. तुझ्या बाबांच्या कारखान्यात नवीन प्रेस बसवायला तिकडचे इंजिनियर आले होते, तेव्हा फिटर लोकांना एक पुस्तक वाटलं होतं, घरच्या घरी रशियन शिका म्हणून. तुझ्या बाबांनी ते शिकायच्या ऐवजी कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलं. मी ते काढलं आणि तिथे विटेचा तुकडा लावला. प्रत्येक ओळीखाली आपल्या अक्षरात उच्चार दिला आहे, त्यामुळे माझी चौथी पुरते. खालचा न्हावी म्हणाला, आजी, या वयात जीभ वळत नाही. मी त्याला सांगितलं, माझी जीभ किती वळते ते गल्लीत कुणालाही विचार.

सूनबाईस आशीर्वाद, ठकीस पापा. लोभ आहेच, पण तो गृहीत धरू नये.

तुझी आई


ता. १९ फेब्रुवारी

ती. आईस,

तुझ्या ठोंब्याचा दंडवत, लांबूनच, म्हणजे पाठीत धपाटा बसायला नको. वि. वि. तुझं पत्र वाचून मी खरंच हसलो. तुझ्या सूनबाईने विचारलं काय झालं, तर म्हटलं आईने विनोद पाठवलाय.

आई, ही भाषा म्हणजे शिवणाचा नमुना नाही, एकदा कापला की झालं. मला दोन वर्षं क्लासला जाऊन जमेना, आणि अजून दुकानदार माझ्याकडे दयेने बघतात. तुझे डोळे आधीच सुईत दोरा ओवताना पाणावतात. त्यात ते फिटर लोकांचं पुस्तक! त्यात माणसांचं बोलणं नाही गं, नटबोल्टांचं आहे.

तुझ्या विहीणबाईंचं म्हणशील तर त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही आणि पटकन राग येतो. तू स्वतः काही विचारायला जाऊ नकोस, मी योग्य वेळ बघून बोलतो. पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही सगळे येऊन जाऊ, जवळच्या हॉटेलात उतरू, म्हणजे तुला त्रास नाही. चष्म्याचा नंबर तपासून घे.

असाच राग असू दे, म्हणजे तू ठणठणीत आहेस हे कळतं.

तुझा ठोंब्या


ता. ६ मार्च

चि. ठोंब्यास,

आशीर्वाद, मोजके. वि. वि. चष्मा तपासला. डोळ्यांत काही बिघाड नाही. हॉटेल हा शब्द मात्र मी पाच वेळा वाचला आणि पाचही वेळा तो हॉटेलच निघाला. त्याचं नंतर बघू.

नटबोल्टांचं म्हणालास ते खरं आहे. पुस्तकात कोणी कोणाला कसे आहात विचारतच नाही. पहिल्या धड्यात फोरमन येतो आणि ओरडतो की मशीन बंद आहे. मशीना नी राबोतायेत. दुसऱ्या धड्यात तो विचारतो, याला जबाबदार कोण? क्तो अत्वेचायेत? हे वाक्य मला इतकं आवडलं की शिलाई मशीन चालवताना मी तेच म्हणत असते. परवा एका गिऱ्हाइकाने पँटची चेन तोडून आणली. मी तिला रशियनमध्ये विचारलं, जबाबदार कोण? तिने अर्थ न विचारता नवऱ्याचं नाव सांगितलं.

नात या शब्दाला पुस्तकात जागा नाही. प्रेम नाही, सुट्टी नाही. स्पॅनर आहे, तेल आहे, माल कधी पोचणार आहे, हो आहे आणि नाही आहे. म्हटलं, मला विचारायचंय त्याला एवढं पुरेल. बाईमाणूस शिकायला बसलं की सगळ्यांना तिच्या डोळ्यांची काळजी वाटायला लागते. रात्रंदिवस काजं केली तेव्हा कोणाला वाटली नाही.

आणि हो, रविवारी तू आंघोळीला गेला होतास तेव्हा मी फोन केला. सूनबाईने उचलला. मी म्हटलं, ठकी, माझं घर, माल पाठवणार? नाही? जबाबदार कोण? आधी ती पोट धरून हसली. मग मी तेच पुन्हा विचारलं. मग ती हसायची थांबली. तिने मला तिच्या आईचा नंबर कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून दाखवला.

तू आंघोळ अशीच सावकाश करत जा.

तुझी आई


ता. २० मार्च

ती. आईस,

नमस्कार. आज गंमत करायच्या मनःस्थितीत नाही. तू विहीणबाईंना काय सांगितलंस? त्या काल आमच्याकडे आल्या, माझ्यासमोर सूप ठेवलं आणि चमचा दिला नाही. सूनबाई माझ्याशी हो आणि नाही एवढंच बोलते आहे. एकूण घरातही तुझंच पुस्तक चालू आहे.

मला दुष्ट ठरवण्याआधी एक ऐक. दोन्हीकडचं बोलणं माझ्या तोंडातून जातं, आणि ते जसंच्या तसं गेलं असतं तर हे लग्न उभंच राहिलं नसतं. सूनबाईला पहिल्यांदा बघून तू म्हणालीस, ही पोरगी आहे की उभी ठेवलेली मोजपट्टी. मी सांगितलं, आई म्हणते सून देखणी आहे. विहीणबाई तुझ्याबद्दल काय म्हणाल्या ते तर मी तुला अजून सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. दोन सुऱ्या एका खणात ठेवायच्या तर मध्ये फडकं घालावं लागतं. ते फडकं मी आहे. फडक्याला कोणी विचारत नाही की बाबा, तुला किती कापलं.

तुझा,
ठोंब्या


ता. २ एप्रिल

चि. ठोंब्यास,

आशीर्वाद आणि एक चमचा, मनाने पाठवते आहे.

वि. वि. काय सांगितलं ते विचारलंस, तर ऐक. विहीणबाईंना पहिल्यांदा फोन केला तेव्हा मी पुस्तकातल्यासारखी खणखणीत आवाजात सुरुवात केली की मशीन बंद आहे. बाईंना वाटलं इमारतीचा हीटर दुरुस्त करणारे लोक आहेत. त्या ओरडल्या आणि फोन आपटला. त्यांना ऐकू येत नाही म्हणतोस? माझ्या खिडकीतलं मांजर पळालं. मग मी चेहरा दिसेल असा फोन केला. सूनबाईचं नाव घेतलं, मग तुझं नाव घेऊन स्वतःकडे बोट केलं आणि मामा म्हटलं. आईला ते लोक मामा म्हणतात, त्याला माझा इलाज नाही.

बाईंनी डोक्याचा रुमाल सारखा केला. मी विचारलं, ठकी, इकडे, माल पोचणार, हो की नाही? त्या म्हणाल्या हो. लगेच म्हणाल्या. पुन्हा पुन्हा म्हणाल्या. मग माझ्याकडे बोट करून त्यांनी काहीतरी विचारलं, गाल हातावर टेकवून, डोळे मिटून, कण्हून दाखवलं. मला आधी कळेना. मग कळलं. त्या विचारत होत्या, तुम्ही अंथरुणाला खिळलेल्या आहात ना?

मी फोन टेबलावर उभा केला, मागे सरकले आणि शिलाई मशीनवर बसून जाड कापडावर एक लांब टीप मारून दाखवली. वर म्हटलं, राबोतायेत. चालू आहे. मशीन पण आणि बाई पण.

म्हणजे मला सांगितलंस त्या नको म्हणतात. त्यांना सांगितलंस आई आजारी आहे, तिला पोर झेपणार नाही. आणि दोघींना हेच सांगितलंस की दुसरीला वाईट वाटेल, विषय काढू नका. याला फडकं म्हणत नाहीत बाळा, याला कुलूप म्हणतात. आणि ते का घातलंस तेही मला कळतं, हॉटेल शब्दातच ते होतं. तुला गॅलरीच्या टोकाचा सामायिक संडास आठवला, जिन्यातला अंधार आठवला, लोकांच्या फाटक्या पँटींचा ढीग आठवला. त्या ढिगावर झोपून तू मोठा झालास. लाज वाटायची तर मला वाटू दे, घर माझं आहे. आणि मला वाटत नाही.

आणि त्या माझ्याबद्दल काय म्हणाल्या होत्या तेही मला समजलं. मीच खुणेने विचारलं. त्यांनी हवेत हाताने करवत चालवून दाखवली, कर्र कर्र, आणि माझ्या गळ्याकडे बोट केलं. माझा आवाज! सहा-सात वर्षं तू मला सांगत आलास की त्या म्हणतात तुमचा स्वभाव गोड आहे. मी तेव्हाच म्हटलं होतं, बाई एकतर खोटारडी आहे नाहीतर आंधळी. आज पहिल्यांदा मला त्या शहाण्या वाटल्या.

चहा वेळेवर घे. रागावला असशील तर राग असू दे, जेवण टाकू नको.

तुझी आई


ता. २१ एप्रिल

ती. आईस,

साष्टांग नमस्कार, यावेळी खरोखरचा. वि. वि. तू म्हणतेस ते मी नाकारत नाही. लाज हा शब्द मात्र फार कडक वापरलास. मला भीती वाटत होती, की विहीणबाईंनी जिना बघितला की त्या माझ्याकडेही वेगळ्या नजरेने बघतील. असो. ठकीची सुट्टी जूनपासून आहे. मी दहा दिवसांची रजा टाकतो आणि तिला व विहीणबाईंना घेऊन येतो. हॉटेल नको तर नको. पण मी बरोबर हवाच. तुम्हा दोघींमध्ये भाषेचा प्रश्न येईल, कोणीतरी समजावून सांगायला लागेल.

कळव, म्हणजे तिकिटं काढतो.

तुझा ठोंब्या


ता. ५ मे

चि. ठोंब्यास,

भरपूर आशीर्वाद, आखडता हात न घेता.

वि. वि. तिकिटं दोनच काढ, एक मोठं, एक लहान. तू आलास की ठकी तुझ्याकडे बघून बोलेल, विहीणबाई तुझ्याकडे बघून बोलतील, मीही आळशी आहे, मीही तुझ्याकडेच बघेन. मग या पुस्तकाचा काय उपयोग? रजा साठवून ठेव. जूनअखेर त्यांना न्यायला ये, जिना चढून ये आणि दारावर टकटक कर.

विहीणबाईंशी माझं सगळं ठरलं आहे. त्या खिडकीकडच्या पलंगावर झोपणार म्हणतात. तो माझा पलंग आहे, म्हणून मी नाही म्हटलं. त्या पुन्हा तेच म्हणाल्या. मी पुन्हा नाही म्हटलं. ठकी मध्ये तोंड घालून म्हणाली की पलंग तिचा. अजून कोणी माघार घेतलेली नाही.

पहिले आठ दिवस फोन करू नकोस. आम्ही तिघी भांडत असू, आणि तुला मध्ये कोणी बोलावणार नाही.

तुझी आई