पुढे घुसलेला एक

मंगळवार, ४ मार्च

ती पोरगी आज पुन्हा आली! ताईची वाचा परत आणायला. समोर फुग्यांचं चित्र धरून म्हणते, "सांगा आजी, किती फुगे?" जिने सगळा जन्म छापखान्यात प्रुफं तपासली, भल्याभल्या लेखकांचे कान उपटले, तिला फुगे! ताईने तोंड फिरवलं. मीही फिरवलं असतं. मग पोरगी भाच्याला दाराबाहेर नेऊन कुजबुजली, "काहीच रिस्पॉन्स नाही." माझे कान अजून शाबूत आहेत म्हटलं.

अर्धांगाच्या झटक्याने ताईचा उजवा हात गेला, जीभ गेली. डोळे मात्र तिचेच आहेत. माझ्याकडे आणल्यापासून बघतेय मी.

बुधवार, ५ मार्च

भाचा म्हणतो, "मावशी, आईला आता काही कळत नाही. त्या संस्थेत ठेवू, तिथे नर्स असतात." स्वतःच्या आईबद्दल! तिच्या देखत! मी म्हटलं, कळत नाही ते तुला. ती माझ्याकडेच राहणार.

"चौदा तारखेला डॉक्टर काय म्हणतात ते बघू."

बघच.

रविवार, ९ मार्च

भाच्याच्या हट्टापायी ती संस्था बघून आलो. फिनेलचा वास, भिंती पिस्ता रंगाच्या – कोणाला सुचतात हे रंग! व्हरांड्यात चारपाच बायका पत्ते कुटत होत्या. एकीच्या तोंडात दात नाही, पण हसणं असं की छप्पर उडावं. ताईची खुर्ची तिथे जरा थांबवली, तर नंतर हलवू देईना. डाव्या हाताने चाक घट्ट धरून बसली. घाबरली असणार बिचारी. एकेक बोट सोडवून घरी आणली.

सोमवार, १० मार्च

सकाळी चहा ठेवताना काड्यापेटी हातातून सुटली. ओट्यावर काड्याच काड्या. त्यातल्या दोन अशा पडल्या की हुबेहूब रोमन पाच! आणि मी गॅस बंद करून तिथेच खुर्ची ओढून बसले. किती वर्षांनी आठवलं सगळं.

कॉन्व्हेंटच्या शाळेत मदर रोमन आकडे शिकवत होत्या. मी दहा लिहिला VV. पाच आणि पाच दहा – यात माझं काय चुकलं ते मला आजही पटलेलं नाही! मदरनी मला फळ्यापाशी उभं केलं. सगळा वर्ग खिदळला. वर धमकी, "शनिवारपर्यंत आलं नाही तर खालच्या वर्गात बसवीन."

ताई दोन वर्ग पुढे. मधल्या सुट्टीत मला हाताला धरून पाण्याच्या नळांमागे घेऊन गेली. तिथे गार सावली असायची आणि ओल्या सिमेंटचा वास. तिने वाळक्या काड्या गोळा केल्या, फ्रॉक सावरून उकिडवी बसली.

"रडणं आधी बंद. हा एक पाच सरळ. त्याच्या टोकाखाली दुसरा पाच उलटा. काय झालं?"

फुली! दहा! मी नाचलेच.

"आता ऐक. मागून येणारा एक भर घालतो, म्हणून हे सहा. पुढे घुसणारा एक कमी करतो, म्हणून हे चार. तुझ्यासारखा."

"मी कुठे घुसते?"

"डबा उघडला की बघ स्वतःला!"

घंटा होईपर्यंत आम्ही त्या ओल्या मातीत आकडे मांडत होतो. शनिवारी मदरनी विचारलं ते सगळं आलं. खिडकीबाहेर ताई उभी होती, स्वतःचा तास बुडवून.

पुढे छापखान्यात प्रस्तावनेच्या पानांचे रोमन आकडे तीच तपासायची. म्हणायची, "पुस्तकाचं तोंड धुऊन देते मी."

मंगळवार, ११ मार्च

जमलं! जमलं!

तिच्यापुढे टेबलावर काड्या मांडल्या. मुद्दाम दोन पाच शेजारी-शेजारी – माझा तो शाळेतला दहा. म्हटलं, "बघ ताई, दहा झाले ना?"

तिचा डावा हात पुढे आला. एक पाच उलटा केला आणि दुसऱ्याच्या टोकाखाली सरकवला. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. हसत होती!

मग मी सहा मांडले आणि म्हटलं, चार कर. मागची काडी उचलून पुढे ठेवली. वर माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा नळांमागे!

भाच्याला फोन केला. "योगायोग असेल, मावशी."

योगायोग म्हणे! याचा जन्म योगायोग असेल.

बुधवार, १२ मार्च

त्या पोरीला करून दाखवलं. फुग्यांची चित्रं पिशवीत घातली आणि म्हणाली, "मला हे सुचलंच नसतं." मुलगी तशी वाईट नाही.

गुरुवार, १३ मार्च

उद्या डॉक्टर. सगळ्यांना ठणकावून सांगणार आहे – परस्पर काही ठरवायचं नाही, तिला विचारा!

मागच्या खोलीत तिचा पलंग खिडकीकडे वळवून घेतलाय. इथे तिला कशाचा त्रास नाही. केस मी विंचरते, चमचा मी धरते. वेडी डावा हात पुढे करते, मी बाजूला सारते. पाहुण्यांना तिच्या वतीने उत्तरंही मीच देते. दोघी म्हाताऱ्या, पूर्वीसारख्या एका खोलीत. आणखी काय हवं?

शुक्रवार, १४ मार्च

डॉक्टरांनी ताईलाच विचारलं. एक म्हणजे मुलाकडे, दोन म्हणजे माझ्याकडे, तीन म्हणजे ती संस्था. तिने तीन काड्या मांडल्या. चुकली म्हणून मी पटकन एक उचलली. तिने माझी मूठ उघडली, काडी काढून घेतली आणि होती तिथे परत ठेवली.