राजाच्या बागेतलं जेवण

आबा, काल टाऊन हॉलच्या बागेत गेले. तुम्ही गेल्यापासून नुसती रिक्षातून बघायचे, आत पाय टाकवत नव्हता.

या शहराचं वेड तुम्हीच लावलंत मला. नव्वद सालाच्या आगंमागं, मार्केट यार्डात गुळाचा सौदा झाला की गावी, कोडोलीला परतायच्या आधी तुम्ही मला त्या बागेत आणायचा. तोफा, ऊन खाली पडू न देणारी झाडं, आणि हिरवळीवर वकील, हमाल, कॉलेजची पोरं सगळी शेजारी शेजारी पसरलेली. मी बिचकून उभी. तुम्ही केवढ्यानं तरी ओरडलात, "बस की गं! गावात पाटलानं म्हटल्याबिगर कोण बसतंय व्हय? ही राजधानी हाय. हितं राजानं समद्यास्नी गवत आंथरून ठेवलंय." तेव्हाच ठरवलं, राहीन तर कोल्हापुरात. तुम्ही स्थळही इथलंच बघितलंत.

लग्न झालं आणि तुमचा हट्ट सुरू झाला: नातवंड होईतो लेकीच्या घरी घोटभर पाणीही प्यायचं नाही. आईनं समजावलं, जग कुठं चाललंय. तुम्ही ऐकाल तर शपथ! पण भाकरी मात्र लेकीच्याच हातची पाहिजे. मग तोडही तुम्हीच काढलीत. "बाग राजाची. हितं खाल्लं म्हंजी राजाच्या घरी खाल्लं. लेकीचा काय संबंध?" गूळ घेऊन आलात की तुम्ही बागेत थांबायचा, मी घरून डबा आणायचे. मिरचीचा खरडा तोंडात घातला की म्हणायचा, "राजाचा हात आज सुटलाय, लई तिखाट केलंय." हसून हसून माझं पोट दुखायचं. तेवढं सुख पुढं मला कशातच मिळालं नाही.

मग पोरगा झाला, बारसं गावी झालं, तुमचं बंधन सुटलं. तोवर आम्ही कसबा बावड्याला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो होतो. पांढरी फरशी, सोफा, समोरच्या दारी बँकेतले साहेब. आणि मला धास्ती कसली, तर तुमच्या आवाजाची, तंबाखूची, चिखलाच्या पायांची. तुमची लाज वाटायची मला. हे आज लिहिताना माझीच शरम वाटते.

बारशानंतर तुम्ही पहिल्यांदा आलात, त्या दिवशी मी बागेत पोचले तेव्हा तुम्ही नळावर पाय घासून धूत होता. परीटघडीचं धोतर, खिशात नातवाचं चांदीचं कडं. "चल, आज लेकीच्या घरात ताट घ्यायचं!" म्हणालात, आणि मग तुम्हाला माझ्या हातातला डबा दिसला.

"आबा, सासरचं पावणं आल्यात. घरात जागाच न्हाई. आन् तुम्हाला बाग आवडतीच की."

तुम्ही धुतलेले पाय चपलांत सरकवलेत. मग "व्हय, व्हय, बागंची सर कुठल्या घराला?" म्हणत गवतावर बसलात आणि डबा चाटून पुसून खाल्लात. राजाचं नाव मात्र काढलं नाहीत. कडं माझ्या हातात दिलंत, "पोराला तूच घाल." पुन्हा कधी घराचा विषय निघाला नाही.

गावात मात्र सांगत फिरायचा म्हणे, लेक मला राजाच्या बागेत जेवू घालती. तेराव्याला चार जणांनी कौतुकानं सांगितलं. मी मान डोलावली.

हे पाठवायची सोय नाही, म्हणूनच लिहायला धीर झाला. पावणं कुणी आलं नव्हतं, आबा. पोराला शेजारणीकडं ठेवून, घराला कुलूप घालून आले होते मी.