बाबांनी पाहिलेला शेवटचा बगीचा

प्रिय आई,

आज शनिवार. दुपारचे तीन वाजले. बाबा जेवून झोपले आहेत, अन् मी तुझ्या शिलाई मशीनवर कागद ठेवून लिहून राहिली आहे. तू जाऊन चौदा महिने झाले. इतक्या दिवसांत तुला एक ओळ लिहिली नाही, मग आजच काहून? कारण माझ्यासमोर एक फॉर्म आहे, चार पानांचा. सौंसरला एक घर आहे, आठवण गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारं. बाबांना तिथं ठेवायचं असेल तर हा फॉर्म भरून सोमवारी द्यायचा आहे.

हो, बरोबर वाचलं तू. ठेवायचं. रागावू नको, आधी पूर्ण वाच.

नाव, वय, गोळ्या, हे सारं मी फटाफट लिहिलं. मग पुढचे प्रश्न आले. आंघोळीला कसे तयार होतात? घाबरले तर कशानं शांत होतात? कोणाकोणाला ओळखतात? अन् माझा पेन अडला. आई, हे तर तुलाच माहीत होतं! मी कोणाला विचारू आता?

तू सकाळी बाबांना न्हाणीघरात नेऊन दाराआडून काहीतरी म्हणायची, अन् ते गुपचूप आंघोळ करून यायचे. काय म्हणायची गं? मी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, गाणंसुद्धा म्हणून पाहिलं. मागच्या आठवड्यात त्यांनी तांब्या फेकून मारला. माझ्या कपाळावर टेंगूळ आलं. दफ्तरात लोकांना सांगितलं, कपाटाचं दार लागलं.

तुझ्यावर माझा राग आहे, आई. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण आहे. बाबांचं डोकं दोन वर्षांपासून साथ सोडून राहिलं होतं अन् तू आम्हाला पत्ता लागू दिला नाही. मी छिंदवाड्याहून फोन करायची, बाबा कसे आहेत म्हणून. तू म्हणायची, मस्त आहेत, आताच बाहेर गेले. मी सुटीत घरी आली की कोणी बाबांना काही विचारलं तरी ते तुझ्याकडे पाहायचे, अन् उत्तर तू द्यायची. शर्टाच्या गुंड्या तू लावायची, भाजीची थैली तू त्यांच्या हातून काढून घ्यायची. आम्ही हसायचो! म्हणायचो, बाबा म्हातारपणी बायकोच्या मुठीत गेले. तूही हसायची आमच्यासोबत. कशी हसायची गं तू?

तू गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी बाबांनी मला विचारलं, "सुमन कुठं गेली?" तेव्हा आम्हाला कळलं.

सुरुवातीला मी खरं सांगायची. "बाबा, आई वारली." ते खाली बसायचे, डोक्याला हात लावून लहान पोरासारखे रडायचे. अर्ध्या तासानं डोळे पुसून पुन्हा विचारायचे, "सुमन कुठं गेली?" एका दिवसात तू तीन-तीनदा मरायची, आई. मग माझ्यानं होईना. एक दिवस मी सांगून टाकलं, "तिगावला गेली, माहेरी." बाबांचा चेहरा असा खुलला! म्हणे, "मंग सांगाचं नाही का! मी उगाच घोर करून राहिलो."

मला वाटलं, जमलं बाप्पा! महिनाभर तू तिगावलाच होती. बाबा दोन घास जास्त जेवायचे, अन् मी माझ्या हुशारीवर खूश.

पण आपल्याकडे बायको माहेरी जाऊन महिना झाला की नवरा काय करतो? घ्यायला जातो. हे माझ्या डोक्यातच आलं नाही, पाहा! मी दफ्तरात होती. शेजारच्या काकू बाबांजवळ बसायच्या, त्यांचा जरा डोळा लागला. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली अन् पायी निघाले. संध्याकाळी चार वाजता तिगावच्या स्टेशनवरून एका चहावाल्याचा फोन आला. खिशातल्या चिठ्ठीवर माझा नंबर लिहून ठेवला होता, म्हणून बरं.

मी पोचली तेव्हा ते बाकावर बसले होते. पायाला फोड आले होते. मांडीवर थैली होती, कारण जावई सासुरवाडीला रिकाम्या हातानं जात नाही. थैलीत एक तुझी निळी साडी, परत येताना तुला नेसायला. अन् खाली आठ कांदे. संत्री समजून त्यांनी टोपलीतून कांदे भरले होते. ज्या माणसानं चाळीस वर्षं व्यापाऱ्यांसाठी संत्र्याचे बगीचे पारखले, त्यानं!

मला पाहून म्हणाले, "बाई, तुमी इथल्याच का? इथं आमची सासुरवाडी हाये, घर सापडून नाही राहिलं."

त्या दिवशी मी स्टेशनवर रडली. सगळ्यांसमोर, मोठ्यानं.

सुनीलला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तू ठरवशील ते मला मंजूर." किती सोपं आहे ना हे म्हणणं! ठरवायला मी एकटी, मंजूर करायला सगळे. माझं लग्न झालं नाही म्हणून सगळ्यांना वाटतं, हिला दुसरं काय काम आहे? बदली मागून मी इथं पांढुर्ण्याला, या घरी आली, ते मला बरंच वाटलं होतं. पण आई, या घरात माणूस आहे अन् बोलायला कोणी नाही. सकाळी मी सुमन असते. दुपारनंतर कोणी परकी बाई असते. चौदा महिन्यांत या घरात मला कोणी वंदना म्हणून हाक मारली नाही. कधी कधी मी आरशासमोर उभी राहून स्वतःच म्हणते, "वंदना, चहा घे." हसू नको.

तिगावनंतर मी म्हाताऱ्यांना सांभाळणारी घरं पाहायला निघाली.

कसं घर पाहायचं असतं, मला काय ठाऊक? मला बगीचा पाहायचा ठाऊक होता. लहानपणी बाबा सायकलवर पुढं बसवून न्यायचे, आठवते? म्हणायचे, "रस्त्याकडची झाडं मालक सजवूनच ठेवते वंदे, तिकडं पाहूच नको. सरळ शेवटच्या धुऱ्यावर, पार मागच्या बांधावर जा. तिथलं पान उलटं करून पाहा, कीड खाली रायते. अन् त्याच झाडाचं फळ तोडून मालकाले दे. त्यानं सारं खाल्लं त बगीचा खरा."

पहिलं घर नागपूरच्या रस्त्यावर होतं. मोठं गेट, चकाचक फरशी, भिंतीवर टीव्ही. समोरच्या खोलीत चार म्हातारे इस्त्रीचे कपडे घालून रांगेत बसवलेले. व्यवस्थापक फार गोड बोलला. मी म्हटलं, "मागच्या खोल्या दाखवा." तो म्हणाला, मागं रंगरंगोटी सुरू आहे. अन् मागच्या बंद दारावर आतून कोणीतरी टकटक करून राहिलं होतं, सारखं. बरं, जेवणाची वेळ झाली तर त्यानं टेबलाखालून स्वतःचा घरचा डबा काढला. मी विचारलं, "इथलं नाही खात तुम्ही?" तर म्हणे, "नाही मॅडम, मला पथ्य आहे." डब्यात मटण होतं! मी चप्पल घातली अन् निघाली.

सौंसरला गुरुवारी गेली. त्या दिवशी काकू गावाला गेल्या होत्या, म्हणून बाबांना सोबत घ्यावं लागलं. त्यांना काय सांगू? सांगितलं, "चला, एक बगीचा पाहाचा आहे." तुरुतुरु तयार झाले. बसमध्ये खिडकीजवळ बसून रस्ताभर झाडांकडे पाहत होते.

ते घर साधं आहे, आई. बैठं, कौलारू. अंगणात संत्र्याची दोन झाडं. तिथलं सारं पाहणाऱ्या शोभाताई माझ्याच वयाच्या, पदर खोचून भाजी निवडत होत्या. मी काही बोलायच्या आधीच बाबा पुढच्या खोलीकडे न पाहता सरळ आत चालू लागले. एक खोली, दुसरी खोली, पार शेवटच्या खोलीत. मी मागं धावली. तिथं मुताचा वास होता. शोभाताईंनी लपवलं नाही. म्हणाल्या, "वास येते ताई. दिवसातून तीनदा पुसतो, तरी येते. खोटं काहून सांगू?"

बाबा शेवटच्या खाटेजवळ गेले. तिथं एक आजोबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. बाबांनी हळूच चादरीचं टोक उचललं, उलटं केलं, खालून पाहिलं, बोटात धरून चोळलं. जसं पान पाहायचे, तसंच! मग त्या आजोबांची पाठ पाहिली. पाठ साफ होती, पडून पडून होतात तशा जखमा नाहीत, पावडर लावलेली. मला तर पाठ पाहायचं सुचलंच नसतं.

जेवण आलं. वरण-भात अन् वांग्याची भाजी. बाबांनी आपलं ताट शोभाताईंपुढं सरकवलं. "पहिले तुमी खा." मला लाज वाटली, पण ती बाई हसली अन् मांडी घालून बसली. बाबा एकटक पाहत होते. तिनं ताट पुसून खाल्लं. मग त्याच भांड्यातून बाबांना वाढलं, अन् बाबा पोटभर जेवले.

हात धुवून ते म्हणाले, "बगीचा खरा हाये. लपवलं नाही काही."

शोभाताईंनी विचारलं, "मंग राहता का जी इथं?"

बाबांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "माह्या एकट्याच्यानं हो नाही म्हणता येत. माही पोरगी हाये, वंदना. तिची नजर माह्याहून पक्की. ते येईन, शेवटच्या धुऱ्यापावतर पाहीन. तिनं हो म्हटलं, त हो."

मी तिथंच उभी होती, आई. दोन हातांवर. त्यांच्या टॉवेलची घडी घालून राहिली होती.

मग ते माझ्याकडे वळले. "काय वं सुमन? येईन ना आपली वंदना?"

तुझ्या जागी उभी राहून काय बोलायचं ते तू कधी शिकवलं नाही. मी म्हटलं, "येईल जी. नक्की येईल."

चौदा महिन्यांनी बाबांच्या तोंडून माझं नाव ऐकलं. पण ओ देता आली नाही.

दवाखान्यात तू माझा हात धरून म्हटलं होतं, "यायले, तुह्या बाबाले, परक्याच्या दारात नको टाकजो." मी हो म्हटलं होतं. तो शब्द मी मोडून राहिली आहे. माफ कर असं म्हणत नाही, कारण दुसरा रस्ता मला दिसला नाही अन् तूही दाखवून गेली नाही. फक्त एवढं ऐक, की बाबांनी स्वतः पाहिलं. ठरवायचं काम माझ्यावर सोडलं अन् मी हो म्हटलं.

आता फॉर्म पुन्हा समोर ओढला आहे. आंघोळीच्या रकान्यात लिहिलं, "हे फक्त आईला माहीत होतं." शांत कशानं होतात, तिथं लिहिलं, "बगीचा पाहायला नेलं की." अन् कोणाला ओळखतात, तिथं बराच वेळ पेन धरून बसली. मग लिहिलं, "मुलगी, वंदना. समोर असली तर ओळखत नाहीत."

आता माझा शब्द. पहिला मोडला, हा नाही मोडणार. दर रविवारी मी सौंसरला जाईन. पुढच्या खोलीत बसणार नाही. शेवटच्या खाटेपर्यंत जाईन, चादर उलटी करून पाहीन, बाबांची पाठ पाहीन, त्याच भांड्यातलं जेवीन. ते सुमन म्हणाले तर सुमन होईन, बाई म्हणाले तर बाई होईन. अन् ज्या दिवशी विचारतील, वंदना आली का, त्या दिवशी सांगीन, आली बाबा, दर रविवारी येते.

बाबा उठले वाटते. आतून हाक येऊन राहिली आहे, तुझ्या नावानं. जाते.

तुझी,
तुझ्या नावानं ओ देणारी
वंदना