मान सरळ झाली, काळजी नसावी

ती. वन्संना,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या हाताला कोपरापर्यंत लाल ऑइलपेंट लागलाय. टर्पेंटाइनने जात नाही, रॉकेलने तर आणखी पसरला. तेवढा भाग सोडून नमस्कार गोड मानून घ्यावा.) तुमचे गुडघे कसे आहेत? जिने चढू नका असं डॉक्टरांनी सांगितलंय, ते पाळताय ना? आमचा तिसरा मजला, त्यात लिफ्ट बंद, म्हणून मी तुम्हाला या म्हणत नाही, गैरसमज नसावा. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे काळजी करण्यासारखं फारसं नाही, आणि जे आहे त्याची मी एकटी पुरेशी करते आहे, तुम्ही वेगळी करायला नको.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर तुमच्या बंधूंना ऐकू येत नसलं तरी हल्ली ते चेहरा वाचतात. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या तोंडाकडे कधी धड बघितलं नाही, आणि आता मी फोन उचलला की समोर बसून एकटक बघत राहतात. मला खोटं बोलता येत नाही आणि यांच्या देखत खरं बोलवत नाही. शिवाय घरात ओरडून बोलायची सवय लागल्यामुळे मी फोनवरही ओरडते, आणि ते खालच्या मजल्यावर जातं. त्यातून काय घोळ झाला ते पुढे येईलच.

कानांचं तुम्हाला अर्धवट कळलंय, आज पूर्ण सांगते. तेहतीस वर्षं छापखान्यात यंत्रासमोर उभं राहिल्याचं हे फळ. कानाच्या डॉक्टरांनी कागदावर आलेख दाखवला. त्यात रेघ डावीकडून बरी चालते आणि मध्येच जिन्यावरून पाय घसरल्यासारखी धाडकन खाली येते. वरचे, बारीक आवाज गेले. खालचे, जाड आवाज अजून आहेत. तेही किती दिवस, सांगता येत नाही म्हणाले. कानात घालायचं यंत्र आणलं, ते ड्रॉवरमध्ये पडून आहे. त्यात म्हणे भांडी ऐकू येतात आणि माणसं येत नाहीत. आणि माझा आवाज तर मुळातच बारीक. (मला बघायला आलात तेव्हा तुम्हीच म्हणाला होता, मुलगी चांगली आहे पण शिट्टी वाजल्यासारखी बोलते. मला राग आला नव्हता. आला होता, पण आता नाही.) तर ही शिट्टी आता यांच्यापर्यंत पोचतच नाही. आधी 'काय?' विचारायचे. मग नुसतं 'हं' म्हणायचे. गेल्या चार महिन्यांत 'हं'सुद्धा बंद. खिडकीशी बसतात, जेवतात, झोपतात. मला दुसरं काही नको वन्सं, यांनी माझ्याशी पुन्हा बोलावं. भांडले तरी चालेल. सांगायला लाज वाटते, पण महिन्यापूर्वी एकदा मी मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. निमूटपणे जेवले हो.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की खालचे सूर ऐकू येतात ना, मग यांच्यासाठी बेस गिटार, तो चार जाड तारांचा, आणावा. लग्नाआधी ऑर्केस्ट्रात वाजवायचेच. (तो जुना बेस घर बदलताना तुमच्याकडून हरवला असं गेली वीस वर्षं घरात सगळे म्हणतात. तुमच्याकडून हरवला नाही. कपाटाला जागा होईना म्हणून मीच तो देऊन टाकला होता. हे कंसात लिहिते आहे, कंसातच राहू द्या.)

दवाखान्याच्या वाटेवर एक जुन्या सामानाचं दुकान आहे. तिथे दार नसलेला फ्रीज आणि शिलाई मशीन यांच्या मध्ये हा उभा होता. अंगावर ब्रशने फासलेला लाल ऑइलपेंट, पाठीला टिकल्यांसारखे स्टिकर, चारातली एक खुंटी गायब. दुकानदाराला वाटत होतं की हा साधाच गिटार आहे आणि दोन तारा तुटल्यात. वाजतो का विचारलं, तर म्हणाला, बाई, वाजवला तर वाजेल. चादरीत गुंडाळून, दोन्ही हातांवर आडवा घेऊन तीन मजले चढले. जिन्यात भेटलेल्या बाईंनी बिचाऱ्यांनी पदर डोक्यावर घेतला.

काम करायचं मागच्या खोलीत, हे दुपारी झोपले की. तुम्हाला माहीतच आहे, मी दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्या करते, त्यामुळे टेबल, कानशी, छोटं घासायचं मशीन, सगळं घरात आहे. मनात म्हटलं, बोळक्या माणसाला हसता करते, या लाकडाला काय घाबरायचं! हा जो आत्मविश्वास होता ना वन्सं, तो पहिल्या तीन दिवसांत संपला आणि तेव्हापासून मला धड झोप नाही. रंग घासला तर खाली निळा रंग, तो घासला तर खाली पांढरा. घासता घासता लाकडापर्यंत पोचले तेव्हा मला भीती वाटायला लागली की आत काही उरेल की नाही. तारा जिथे मानेवर चढतात तिथे खाचांची एक बारीक पट्टी असते, ती नव्हतीच. मी साचा घेतला आणि आमच्या नेहमीच्या सामानातून ओतून केली. नीट बसली, चार खाचा अगदी मोजून. फक्त आमच्याकडे ते सामान एकाच रंगात येतं. त्यामुळे बेसला आता गुलाबी हिरडी आहे.

आणि इथे मी ती चूक केली. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना पडदे म्हणतात. (खिडकीचे नव्हेत.) एखादा पडदा उंच असला की तार त्याला लागून खरखरते. आमच्याकडे कवळीचा दात उंच लागला तर निळा कागद चाववून बघतात, डाग पडला की तेवढंच घासायचं. मी तारेखाली निळा कागद धरला. डाग पडला, घासला. मग शेजारचा उंच वाटायला लागला. तोही घासला. मग त्याच्या शेजारचा. पेशंट समोर असला की 'बास बाई, आता लागत नाही' असं म्हणतो. बेस काही म्हणेना, आणि मी घासत राहिले. चहाची वेळ झाली तेव्हा अंगाजवळचे पाच पडदे लाकडाला टेकले होते. मग विचार केला की हे पाच सगळ्यात बारीक सुरांचे आहेत, आणि बारीक सूर यांना ऐकू येतच नाहीत, म्हणजे यांना कळणारही नाही. हा विचार करून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

आता मानेचं. मान म्हणजे बेसची. ती पुढे वाकली होती. तिच्या आत एक सळई असते, ती पान्याने आवळली की मान सरळ होते, असं मला गिटार दुरुस्त करणाऱ्याने फोनवर सांगितलं. मी आवळली. पुढे काय करायचं ते विचारायला गॅलरीत जाऊन त्याला परत फोन केला आणि माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, 'अहो, मान अजून वाकडीच आहे. आतली सळई पाव फेरा आवळली तर कटकन आवाज आला. आणखी पिरगळू का?' खालच्या मजल्यावर रिटायर्ड कंपाउंडर राहतात. फार सज्जन माणूस. ते घरात होता तो मानेचा पट्टा घेऊन तीन ढांगांत वर आले. मी गॅलरीत, दार उघडं, हे खिडकीशी. मी आत येईपर्यंत यांच्या गळ्यात पट्टा बांधून कंपाउंडर पाठीवर थोपटत होते, आणि मला बघून 'हात लावू नका हो त्यांना' असं म्हणून निघून गेले.

यांना वाटलं, मी डॉक्टरांशी बोलून पट्टा मागवला, म्हणजे कानांचा आता मानेशी काही संबंध निघाला असेल. मला वाटलं, यांची मान दुखत होती आणि ते मला सोडून कंपाउंडरना सांगून मोकळे झाले. मी दोन दिवस आतल्या आत जळत यांना मऊ भात दिला आणि यांनी तो पट्ट्यावरून मुकाट्याने खाल्ला. कुणी कुणाला विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी जिन्यात कंपाउंडरनी मला, सळई टाकायचं ऑपरेशन कुठे केलंत, असं विचारलं तेव्हा कुठे उलगडा झाला. (पट्ट्याने खाली बघता येत नसल्यामुळे टेबलाखाली ठेवलेला बेस यांना दिसला नाही, हा त्यातल्या त्यात फायदा.)

शेवटचं काम विजेचं. आतल्या वायरींना डाख मीच दिला, दातांच्या तारेला देते तसा. जुन्या स्पीकरला जोडून बटण दाबलं तर घुंऽऽऽ असा आवाज झाला आणि जिन्यातले दिवे गेले. बेसचा आवाज मात्र नाही. विजेशिवाय तार छेडली तर माझ्या चांगल्या कानांनाही जेमतेम ऐकू येत होती, मग यांचं काय? तीन आठवडे मी ज्याच्यासाठी हात लाल केले ते मुकं निघालं. त्या दिवशी मी कवळ्या पोचवायला दवाखान्यात गेले आणि तिथे एका बाईंना पुरुषाची कवळी दिली, इतकं लक्ष उडालं होतं.

परत आले तर खिडकीशी खुर्ची रिकामी. मागच्या खोलीत गेले. पट्टा काढून टाकलेला, हे माझ्या स्टुलावर बसलेले, बेस मांडीवर. त्याला वरच्या अंगाला शिंगासारखं टोक असतं, त्यावर हनुवटी टेकवून, डोळे मिटून वाजवत होते. मी 'अहो' म्हटलं. अर्थातच काही नाही. तशीच उभी राहिले. डोळे उघडल्यावर माझ्याकडे न बघता पडद्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, 'हे कुणी घासले?' वन्सं, चार महिन्यांनी पहिलं वाक्य! मग जे सुरू झाले ते तासभर. पडदे असे घासतात का, सळई अशी आवळतात का, हा गुलाबी रंग कुठला, तुला काही विचारायची पद्धत आहे की नाही! मी नुसती मान डोलवत होते. शेवटी माझं डोकं धरून माझी हनुवटी त्या शिंगावर टेकवली आणि जाड तार छेडली. जबड्याच्या हाडातून थेट छातीत उतरली. हाडातून ऐकू येतं, म्हणाले, वीज कशाला पाहिजे. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

तेव्हापासून नऊ दिवस झाले. दिवसभर वाजवतात. हनुवटीला लाल घट्टा पडलाय. खिडकीशी बसत नाहीत, जेवण नीट जातं. फक्त एक आहे, त्या तासाभरानंतर पुन्हा बोलले नाहीत. आधी दुःखात गप्प असायचे, आता आनंदात गप्प असतात. हाही फरकच, असं मी स्वतःला समजावते. तेव्हा तुम्ही काळजी करू नये आणि धावपळ करून इकडे येऊ तर मुळीच नये. गुडघ्यांना तेल लावत जा. थोरांना नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण आता घरात तुमच्याहून थोर कुणी उरलेलं नाही, म्हणून तोही तुम्हालाच.

तुमची
धाकटी भावजय

ता. क. : कंपाउंडरना पट्टा धुऊन परत केला. तो आता गुलाबी आहे. त्यांनी काही विचारलं नाही.

ता. क. दुसरा : ती बाईंना दिलेली पुरुषाची कवळी बाई परत द्यायला तयार नाहीत. म्हणतात, पहिल्यांदाच नीट बसली.

ता. क. तिसरा : आता खरं लिहिते, नाहीतर पाकीट बंद करवणार नाही. मंगळवारी हे दाराकडे पाठ करून वाजवत होते. जेवायला तीन हाका मारल्या. मग म्हटलं, खालचे सूर ऐकू येतात ना, बघू या तर. घसा खाली ओढून, छातीतून, जमेल तेवढा जाड आवाज काढला आणि म्हटलं, 'जेवायला चल रे, पान वाढलंय.' ('अहो' काही केल्या जाड आवाजात येईना.) यांचा हात थांबला. वळले नाहीत. म्हणाले, 'ताई? तू कधी आलीस?'

तुमचा आवाज भारदस्त आहे, हे मी कौतुकानेच म्हणते आहे. मला 'मी आहे' म्हणायचं होतं, पण यांच्या पाठीकडे बघून म्हणवेना. तशाच आवाजात 'आत्ताच' म्हटलं. मग पाठ करूनच बोलायला लागले, किती बोलले! तुमचे गुडघे, छापखाना, कानात रात्रंदिवस काय वाजतं ते. मी दारात उभी राहून तुमच्या आवाजात 'हं, हं' करत होते. मग म्हणाले, 'हिला सांगू नकोस ताई, हिने बेसची पार वाट लावलीय. तरी वाजवत बसतो. वाजवलं की ही दारात येऊन उभी राहते.'

वळून बघितलं तेव्हा मी एकटीच होते. ताई घाईत होत्या, रविवारी मुक्कामाला येतायत, असं मी कागदावर लिहून दाखवलं. तेव्हा रविवारी या वन्सं, जिना मी हात धरून चढवीन. आणि आल्यावर यांना विचारा, माझ्याबद्दल आणखी काय म्हणायचं होतं. मीच विचारणार होते, पण घसा बसलाय.