ढेमशीचे दुखणे

दारव्हा,
मार्च २००७

प्रिय स्पृहा,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलेस, ढेमशी कशी आहे, आणि मी बरी आहे असे उत्तर दिले. ते उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे होते. तुझी मांजर गेले काही आठवडे आजारी होती. त्या आजारातून ती उठली आहे, आणि उठता उठता तिला दुसरेच काही झाले आहे. हे फोनवर सांगता आले असते. पण आपले फोनवरचे बोलणे प्रकृती, परीक्षा, मेसचे जेवण आणि मांजर या क्रमाने जाते आणि मांजरापाशी संपते. म्हणून लिहितो आहे. थोडे लांबेल. सांभाळून घे.

संक्रांतीनंतर ती मान खाजवू लागली. आधी मी लक्ष दिले नाही, कारण मांजरे खाजवतातच. मग उजव्या कानामागचे केस गेले, पोटावर लाल पुरळ दिसू लागले आणि स्वभाव इतका बिघडला की मी पेपर वाचत असताना मांडीवर येऊन बसण्याची जी एक सवय तिला होती, तीही सुटली. तिचे ढेमशी हे नाव मला कधीच पसंत नव्हते, हे तुला ठाऊक आहे. भाजीचे नाव प्राण्याला देऊ नये असे माझे मत होते आणि आहे. पण ढेमशासारखी गोल असलेली ती मांजर फेब्रुवारीत इतकी वाळली, की नाव खोटे ठरू लागले, आणि त्याचे मला वाईट वाटले.

कारण शोधण्याची माझी पद्धत साधी होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा. प्रथम दूध बंद करून पाहिले. मग फरशी पुसण्याच्या पाण्यातले फिनेल. मग तिच्या गोधडीचा साबण. मग कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ, जिच्या खुणा माझ्या मनगटावर अजून आहेत. तुझी आई हे सगळे पाहत होती. एकदा म्हणाली, "अहो, मांजर आहे ती. ताळेबंद नाही." मी म्हणालो, दोन्ही न जुळण्यामागे कारण असतेच. त्यावर ती हसली, आणि दंडावरचा पदर सारखा करून आत गेली. ती हसली याचाच मला त्या वेळी आनंद झाला. तू पुण्याला गेल्यापासून आमच्या घरात हसणे कमी झाले आहे, किंवा मी असतो तेव्हा कमी होते. यातले कोणते खरे, हे मला नंतर कळले.

शेवटी तिला बाजाराच्या थैलीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. ज्याला गाव ढोरांचा दवाखाना म्हणते, तिथे बैलांच्या रांगेत थैली घेऊन उभा राहणारा मी एकटाच होतो. पुढच्या माणसाने विचारले, "साहेब, थैलीत कोंबडा हाय काय?" मांजर म्हटल्यावर त्याने आपल्या बैलाकडे असे पाहिले, की जणू तोही हसेल. डॉक्टरांनी मात्र तिला नीट तपासले आणि विचारले, घरी कापूस भरून ठेवला आहे का? मी जरा ताठपणेच सांगितले, की आमचे घर नोकरीचे. देवाच्या वातींपलीकडे आमच्याकडे कापूस येत नाही. तेव्हा ते म्हणाले, "मग ही झोपायला कोणाकडे जाते, ते पाहा. कापूस उन्हाळ्यापर्यंत घरात राहिला की त्यात बारीक कीड पडते. माणसाला चावते अन् जनावरालाही. या वर्षी घरोघरी हेच चालू आहे."

या वर्षी म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. कापसाचा भाव इतका पडला आहे, की ज्यांना थांबणे परवडते ते कापूस विकत नाहीत. बैठकीची खोली सोडून बाकीच्या खोल्यांत रचून ठेवतात आणि स्वतः ओसरीवर झोपतात. आपल्या आळीत असे घर एकच, पुंडलिकराव आणि तुझ्या विमलकाकूंचे. तेव्हा मांजर कुठे जाते, हा प्रश्न तिथल्या तिथे सुटला. घरी परतताना मी समाधानात होतो. फाटक उघडले, तर तुझी आई पायरीवर बसून हातांना खोबरेल तेलात कापूर घालून चोळत होती. मनगटापासून कोपरापर्यंत तेच लाल पुरळ. ढेमशीच्या पोटावरचे आणि हे, यांत मला काही फरक दिसला नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तू गेल्यापासून तुझी आई संध्याकाळी मालिका पाहायला विमलकाकूंकडे जाते. आपल्या घरी त्या वेळी मी बातम्या लावतो, आणि दोन्ही एका दूरदर्शन संचावर होत नाहीत, म्हणून ही व्यवस्था मलाही सोयीची वाटली होती. मांजर तिच्या पाठोपाठ जाते, हेही मी पाहत होतो. पण मालिका समोरच्या बैठकीत लागते आणि कापूस मागच्या खोलीत आहे. बैठकीत बसून कोणाच्या हाताला कापसाची कीड चावत नाही.

त्या संध्याकाळी बातम्या अर्ध्यावर सोडून मी उठलो. हल्ली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत रोज आपल्या जिल्ह्याचे नाव असते. इतके, की कधी कधी आवाज बंद करून नुसता बसून राहतो. विमलकाकूंच्या बैठकीत पुंडलिकराव एकटेच मालिका पाहत होते आणि मला पाहून थोडे वरमले. "या नरहरराव. वहिनी मांगं हायेत. तिथंच रेंज येते ना." मला तेव्हाच समजायला हवे होते. विमलकाकूंच्या अंकुरने आईला मोबाइल घेऊन दिला आहे हे मी ऐकले होते. घरात चांगला फोन असताना मोबाइल कशाला, हे माझे मतही मी सगळ्यांना ऐकवले होते.

मागच्या खोलीत दिवा नव्हता. खिडकीच्या तळापर्यंत कापूस होता आणि त्यावर पाय जवळ घेऊन, एखाद्या मुलीसारखी, तुझी आई बसली होती. कानाशी मोबाइल. शेजारी विमलकाकू, तिच्या पाठीवर हात ठेवून. मांडीवर ढेमशी. आणि तुझी आई म्हणत होती, "रड बाई, रड. इथं कोणी नाही." मी दारात उभा होतो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाबांना इतक्यात नको. तुझं काय ते नक्की होऊ दे, मग त्यांच्याशी बोल." मी मागे फिरलो. पुंडलिकराव म्हणाले, "काहून निघाले? चहा तर घ्या." मी म्हणालो, बातम्या चालू आहेत.

स्पृहा, मी शब्द जपून वापरतो, म्हणून सांगतो की मला त्या रात्री जे वाटले त्याला मत्सर हाच शब्द आहे. विमलकाकूंचा मत्सर वाटला, ज्यांना मी तुझे पहिले पाऊल कोणत्या खोलीत पडले हे सांगू शकतो आणि ज्या मला तू का रडलीस हे सांगू शकतात. पुंडलिकरावांचा वाटला, जे काही न विचारता मालिका बघत बसतात आणि तरी ज्यांना ठाऊक असते की मागे कोण आहे. तुझ्या आईचा वाटला. पस्तीस पावलांवरच्या घरी जाऊन ती तुला भेटून येत होती आणि परत आल्यावर मला आमटी गरम करून वाढत होती. आणि सांगायला संकोच वाटतो, पण सर्वांत जास्त त्या मांजरीचा वाटला. तुझ्या रडण्याच्या वेळी तिला त्या खोलीत जागा होती.

नक्की हा शब्द माझा आहे, हे मला कळते. तू लहानपणी पोट दुखते म्हणालीस की मी नक्की कुठे, असे विचारत असे. भीती वाटते म्हणालीस की नक्की कशाची. त्यात माझे काही चुकले असे मला आजही वाटत नाही. दुखते कुठे हे समजल्याखेरीज औषध देता येत नाही. ढेमशीचेच पाहा ना. पण ज्या गोष्टीचे अजून काहीच ठरलेले नाही, ती बोलायला आपल्या घरात जागा नाही आणि ती शेजारच्या कापसात नेऊन बोलावी लागते, हे कोणी मला सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या आईला मांजरीच्या आजाराचे कारण सांगितले. कापूस, एवढेच म्हणालो. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. "मग खोबरेलाचा काही उपयोग नाही तर," असे म्हणाली आणि माझ्याकडे एकदा पाहिले. तिला सगळे समजले होते, आणि मला समजले हेही समजले होते. संध्याकाळपासून मी ढेमशीला घरात कोंडू लागलो. डॉक्टरांचा सल्ला तोच होता. तरी खरे सांगायचे तर दार लावताना डॉक्टर माझ्या मनात नव्हते. ज्या ठिकाणी मला जाता येत नव्हते, तिथे तिनेही जाऊ नये असे मला वाटत होते.

खाज गेली. कानामागे लव आली. पण तिने जेवण सोडले. आई जायला निघाली की ती दाराशी जाऊन बसे, माझ्याकडे पाठ करून, आणि आई परत येईपर्यंत हलत नसे. मी वाटी पुढे सरकवली तरी वळून पाहत नसे. या दुखण्याला मी तिला ढोरांच्या दवाखान्यात नेले नाही. त्याचे निदान मला घरीच करता आले.

गेल्या आठवड्यात विमलकाकू स्वतः आल्या. दारात उभ्या राहूनच म्हणाल्या, "भाऊजी, मांजरीले काहून कोंडून राह्यले? कापूस गेला कालच. खोली झाडली, धुतली, गोमूत्र शिंपडलं. आता पाठवा तिले." मी पाठवतो म्हणालो. त्या जाईनात. मग म्हणाल्या, "अन् तुमाले कोणी कोंडलं?" मी विचारले, की मी आलो तर चालेल का. त्या म्हणाल्या, "चालते ना. बुधवारी पोरीचा फोन येते. पण भाऊजी, तिथं बसून 'नक्की काय, नक्की काय' करायचं नाही. मी उठवून देईन." आतून तुझ्या आईचे हसणे ऐकू आले. मी घरात असताना.

तर हे पत्र लिहिण्याचे कारण. पुढच्या बुधवारी मी तुझ्या आईबरोबर त्या खोलीत जाणार आहे. विमलकाकूंनी परवानगी दिली आहे. तुझ्या आईने हो म्हटले नाही आणि नकोही म्हटले नाही. तुझ्यावर सोडते म्हणाली, आणि ते योग्य आहे. मागे एकदा मी तुला न कळता ऐकले. पुन्हा तसे करायचे नाही, म्हणून हे आधी कळवतो. तू का रडलीस ते मला ठाऊक नाही. मी कोणाला विचारलेले नाही, तर्कही केलेला नाही, आणि तुलाही विचारणार नाही. तुला माझे तिथे असणे नको असेल तर आईला तसे सांग. मी घरी थांबेन आणि त्याबद्दल मनात काही ठेवणार नाही, किंवा ठेवले तर तुला कळू देणार नाही. चालणार असेल, तर नेहमी बोलतेस तशी बोल. मी भिंतीशी चटईवर असेन आणि फोन मागणार नाही. पण बोलणे संपत आले आणि तुझ्या मनात आले, तर आईला म्हण, जरा बाबांकडे दे. काय बोलायचे ते ठरलेले नसले तरी चालेल. माझेही ठरलेले नाही.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा, तुझाच,

बाबा