नावाच्या जागी मोगरा पार्लर

रविवार, मे २००८, मुरबाड

पाय भरून आलेत, तरी लिहितेच. माझ्या मोगरा पार्लरच्या जाहिरातीसाठी मी उखाण्याचा एसएमएस केला होता: "आटगावला गाडीनं मारली शिट्टी, मोगरा पार्लरशी जमली माझी गट्टी." ओळखीच्या सगळ्या बायकांना पाठवला, पुढे पाठवा म्हणून मागे लागले. त्यावरून एक गिऱ्हाईक आलं नाय.

आज शेजारच्या लग्नात नवरीनं पंगतीत तोच उखाणा घेतला. पार्लरच्या जागी नवऱ्याचं नाव! टाळ्या काय पडल्या! कुठून मिळाला विचारलं, तर म्हणते, "मोबाइलवर फिरतोय ना ताई, सगळ्याच घेतात." आणि मेकअप कल्याणहून करून आलेली.

उखाण्यात नाव घ्यायच्या जागी मी दुकान घातलं. बायका तिथे आपलं माणूसच घालणार. एवढं साधं मला कसं सुचलं नाय? आणि त्या टाळ्या... माझ्याच होत्या की.

घरी येऊन ह्यांच्यापुढे सगळं रडगाणं गायले. हे चहा ओतत होते. मान वर न करता म्हणाले, "आपल्या लग्नात तू हाच उखाणा घेतलास, तेव्हा त्या गट्टीत माझं नाव होतं. ते पयलं कोणी काढलं गो?"