संडासाचं कुलूप

नागपूर, ९ डिसेंबर २०२४

ती. सुचिताताईस,
प्राचीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुझ्या घरचे सगळे ऐकत बसतात आणि तू नुसतं हो-हो करतेस, म्हणून पत्र. मी रागात आहे. पाचवा महिना चालू, आणि बाईसाहेब उन्हाळी लागली म्हणून धन्याचं पाणी पितात. डिसेंबरात कसली उन्हाळी ग? लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप, हे जंतूंचं काम. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्याही बरं वाटताच बंद केल्यास.

इथं प्रयोगशाळेत मी रोज हेच जंतू बघते. त्यांच्या अंगावर बारीक केस असतात, केसाच्या टोकाला आकडा. लघवीच्या पिशवीला आतून ज्या पेशी असतात, त्यांच्यावरच्या साखरेत तो आकडा अडकतो, साडीच्या काठाला कुसळ धरतं तसा. मोकळे जंतू धारेबरोबर वाहून जातात. पण एकदा चिकटलेले जंतू, धार लागली की आणखीच घट्ट धरतात. तू दिवसभर लघवी रोखून बसतेस, म्हणजे मोकळ्यांनाही चिकटायला निवांत वेळ. ते किडनीपर्यंत चढले तर तुला आणि बाळाला, दोघांनाही धोका आहे. शाळेत शिकवायला गेलीस की दिवसभर पाणी का पीत नाहीस, खरं कळव.

लोभ आहेच, अकलेचं तेवढं बघ.
तुझी धाकटी,
प्राची

जानेफळ, १४ डिसेंबर

चि. प्राचीस,
अनेक आशीर्वाद.

तुले नागपुरात बसून बोलाले काय जातं? सकाळी एसटीनं निघते, शाळेतून घरी याले संध्याकाळ होते. शाळेत बायका-पोरींसाठी टाइल्सचा चकाचक संडास आहे. किल्ली मुख्याध्यापक रामराव सरांच्या खिशात. स्वच्छ शाळेचं बक्षीस पाहिजे, समिती येईपर्यंत वापरून घाण करायचा नाही म्हणे. मी दोनदा किल्ली मागतली. दुसऱ्यांदा सगळ्या मास्तरांसमोर हसले अन् म्हणाले, मॅडम, घरूनच आटोपून येत जा. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग पाणीच सोडलं. पोरीही बाटल्या भरलेल्याच घरी नेतात. सातवीतली छाया पोट धरून बसते, तिची आई तिले धन्याचं पाणी देते.

इतक्या वर्षांनी दिवस गेले, मले भीती वाटत नसंन काय? गोळ्या पुन्हा सुरू केल्या. पुऱ्या करीन.

जीव लाव, पण शिकवू नको.
सुचिता

नागपूर, १९ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उगाच तुला बोलले, बोलायचं होतं त्या रामरावला. गोळ्या पुऱ्या कर, पण कुलूप तसंच राहिलं तर नवे जंतू येतील आणि पुन्हा तिथंच धरतील. ते उघड. नाहीतर मी येते आणि त्याच्या टेबलापुढं ठाण मांडते.

प्राची

जानेफळ, ४ जानेवारी २०२५

चि. प्राचीस,
आशीर्वाद.

तू येऊ नको. काल समिती आली. हारतुरे झाले, रामराव सरांनी किल्ली काढून दार उघडलं अन् साहेबांले आत बोलावलं. मी पुढं झाली. साहेबांले म्हटलं, थांबा, आधी मले जायचं आहे. आत गेली अन् कडी लावली. घाई केली नाही. बाहेर येते तर दाराशी छाया, तिच्यामागं सगळ्या पोरी, रांग पार घंटेपर्यंत. साहेब लोक उन्हात उभे.

सरांनी दबक्या आवाजात विचारलं, काऊन शाळेची इज्जत घालवून राह्यल्या. मी आवाज चढवला. सगळ्यांले ऐकू जाईल असं सांगितलं, की तुमच्या बक्षिसापायी माह्या पोटातलं लेकरू अन् ह्या पोरी आजारी पडून राह्यल्या.

बक्षीस गेलं. माह्या बदलीची भाषा चालू आहे, चालू दे. कुलूप मी पिशवीत टाकून घरी आणलं. लघवी पुन्हा तपासली, साफ आली. छायाले तिची आई उद्या दवाखान्यात नेणार आहे.

आज मधल्या सुट्टीत पाण्यासाठी नळावर पोरींची भांडणं झाली. मी कोणालेच रागावली नाही.

लोभ तू ठेव, राग माह्याजवळ राहू दे.
तुझी ताई